डीझेल ट्रक, शीत प्रदेशातील
डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेटते. कडाक्याच्या थंडीत गार धातू ही उष्णता शोषून घेतो, वंगण तेल घट्ट होते व विद्युत् घटमालाही दुर्बळ पडते. बेंट्स कंपनीच्या १९२३ मधील ट्रकच्या एंजिनात पूर्वज्वलन कोठी होती. तीत उष्णतेचा व्यय अधिक. म्हणून अशा एंजिनांत विजेने तापणारी गुडी आवश्यक ठरली. एम. ए. एन. च्या १९२४ मधील ट्रकात इंधन सरळ सिलिंडरात फवारले जाई, त्यामुळे हा व्यय घटला. इंधनाचा प्रश्न मात्र अधिक बिकट होय : डीझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते आणि धावता ट्रकही घाटात उभा राहतो. रात्रभर एंजिन चालू ठेवणे हा चालकांचा जुना उपाय. पण ती इंधनाची उधळपट्टीच. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये −३३° से. पर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डीझेल पुरविण्यास प्रारंभ केला.