अँब्रोसिया भुंगेरे व कवकगंध
झाडाच्या लाकडात बोगदे कोरून त्यांत कवकाची (बुरशीची) वाढ करणाऱ्या व त्या कवकावरच उपजीविका करणाऱ्या भुंगेऱ्यांना अँब्रोसिया भुंगेरे म्हणतात. त्यांच्या अनेक जातींचा समावेश ढालपंखी गणातील (कोलिऑप्टेरा) कर्क्युलिऑनिडी कुलाच्या स्कोलिटिनी उपकुलात होतो. बहुतेक जाती अवघ्या काही मिमी. लांबीच्या असतात. लाकूड हे त्यांचे अन्न नव्हे. ते कवकाचे शेत होय. हे कळून येण्यास व त्यामागील गंधाचे कार्य उलगडण्यास जवळजवळ पावणेदोन शतके लागली.

या अभ्यासाचा आरंभ फळबागेतच झाला. ऑस्ट्रियातील संत फ्लोरिआन मठाचे धर्मोपदेशक व फळबागांचे जाणकार योझेफ श्मिटबेर्गर यांना सफरचंदाच्या झाडातील भुंगेऱ्यांच्या बोगद्यांत पांढरा थर आढळला. अळ्या तो खातात असे त्यांनी पाहिले व १८३६ मध्ये त्यास ग्रीक पुराणांतील देवांच्या अन्नावरून ‘अँब्रोसिया’ हे नाव दिले. हा थर झाडाच्या रसापासून बनत असावा, अशी त्यांची समजूत होती. जर्मन वनशास्त्रज्ञ टेओडोर हार्टिख यांनी १८४४ मध्ये हा थर कवकाचा असल्याचे दाखविले. पुढे १८९७ मध्ये हेन्री हबर्ड यांनी अमेरिकेतील अँब्रोसिया भुंगेऱ्यांविषयीचे विस्तृत विवेचन प्रसिद्ध केले. कवक नव्या झाडात कसे पोहोचते, हा प्रश्न मात्र उरलाच होता. हेलेने फ्रांके-ग्रोसमान यांनी १९५६ मध्ये भुंगेऱ्यांच्या शरीरातील कवकाची बीजुके वाहून नेणाऱ्या खास पिशव्यांचे वर्णन केले. या पिशव्यांना पुढे मायकँजिया ही संज्ञा रूढ झाली. मादी झाड सोडताना आपल्या पिकाचे बियाणे जणू बरोबरच घेऊन निघते.

झाडाच्या निवडीचे रहस्य प्रथम अल्कोहॉलाच्या रूपाने उलगडले. एच्. ए. मीक यांनी १९७० मध्ये ट्रिपोडेंड्रॉन लिनिएटम या जातीस एथिल अल्कोहॉल आकर्षित करते असे दाखविले. मुळांशी पाणी साचून त्यांना ऑक्सिजन मिळेनासा झाला, अथवा झाडाला कडाक्याच्या थंडीची बाधा झाली, की त्याच्या ऊतकांत अल्कोहॉल तयार होते व सालीतून बाहेर पडते. वरून निरोगी दिसणारे झाडही त्यामुळे भुंगेऱ्यांना दुरून ओळखता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे कारण स्पष्ट केले : अल्कोहॉलयुक्त लाकडात भुंगेऱ्यांचे सहजीवी कवक चांगले वाढते, तर ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांसारख्या तणवजा कवकांची वाढ खुंटते.

तथापि अल्कोहॉल हा एकमेव संकेत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी झायलोसँड्रस क्रॅसियस्क्युलस व झायलेबोरस ग्लॅब्रेटस यांसारख्या जाती आपल्या सहजीवी कवकाच्या गंधाकडेही ओढल्या जातात असे दाखविले. झायलेबोरस ग्लॅब्रेटसच्या कवकापासून एथिल ॲसिटेट, आयसोॲमिल अल्कोहॉल, केळ्यासारख्या वासाचे आयसोॲमिल ॲसिटेट इ. बाष्पनशील संयुगे बाहेर पडतात. या भुंगेऱ्यास केवळ अल्कोहॉल फारसे आकर्षित करीत नाही. आश्रयी झाडाच्या सुगंधी तेलांकडे तो वळतो. मानुका तेलाच्या आमिषास कवकगंधाची जोड दिल्यास सापळ्यांत अधिक भुंगेरे सापडतात, असे २०१४ मध्ये आढळून आले.

या ज्ञानाचे मोल फळबागायतीत विशेष जाणवते. आशियातील झायलोसँड्रस क्रॅसियस्क्युलस ही जाती १९७४ मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात पीचच्या झाडांवर आढळली. तिने पोखरलेल्या खोडातून भुशाच्या बारीक काड्या बाहेर आलेल्या दिसतात. झायलोसँड्रस जर्मेनस या जातीचा उपद्रव २०१३ पासून न्यूयॉर्क राज्यातील सफरचंदाच्या बागांत जाणवू लागला. सर्वांत मोठी हानी झायलेबोरस ग्लॅब्रेटसने केली. हा भुंगेरा २००२ मध्ये जॉर्जिया राज्यातील बंदरानजीक प्रथम सापडला. त्याच्याबरोबर आलेले राफेलिया लॉरिकोला हे कवक (२०२२ पासून हॅरिंग्टोनिया लॉरिकोला) लॉरेसी कुलातील झाडांच्या जलवाहिन्या निकामी करते. त्यामुळे रेडबे वृक्षांचा मोठ्या प्रमाणावर नाश झाला व २०१२ मध्ये हा मर रोग दक्षिण फ्लोरिडातील ॲव्होकॅडोच्या बागांत पोहोचला. तेथे इतर जातींचे भुंगेरेही त्याचा प्रसार करतात. भुंगेऱ्याचे अन्न नसलेले झाडही अशा रीतीने त्याच्या पिकाचा बळी ठरते.

मादी लाकडात शिरल्यावर फवारलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून अल्कोहॉलाचे सापळे लावून भुंगेऱ्यांच्या उड्डाणाचा काळ ओळखणे व शिरकावापूर्वीच खोडावर फवारणी करणे हे उपाय योजतात. बागेतील पाण्याचा योग्य निचरा हा त्याहून मूलगामी उपाय होय. कारण झाडाला ताण न पडल्यास भुंगेऱ्याला बोलावणारा गंधच निर्माण होत नाही. पोखरलेल्या फांद्या व रोगट झाडे तोडून जाळणेही आवश्यक असते.

महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागांतही खोडाला बारीक छिद्रे पाडणारे भुंगेरे आढळतात. तेथील मर रोग मुख्यतः सिरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटा या कवकामुळे होतो. त्यामुळे छिद्रांकडे केवळ किडीची खूण म्हणून न पाहता मुळांची व निचऱ्याची तपासणी करणे हिताचे ठरते.