पनवेलच्या प्राथमिक शाळा : अधिकार, कोश आणि दप्तर

मराठ्यांच्या राजकीय इतिहासाचीं साधनें जमविण्याच्या कामीं आपल्या संशोधकांनीं केलेला उद्योग सर्वश्रुत आहे. सनदा, महजर, करीने, शकावल्या, जमाखर्चाचे ताळेबंद इत्यादि कागद वाड्यांच्या माळ्यांवरून व देवघरांच्या पेट्यांतून बाहेर निघाले आणि त्यांवर इतिहासाची इमारत उभी राहिली. परंतु इंग्रजी अमलांत गांवोगांव ज्या नव्या संस्था उत्पन्न झाल्या, त्यांच्या दप्तरांकडे संग्राहकांचें लक्ष अद्यापि जावें तसें गेलेलें नाहीं. हें सरकारी बाड, ह्यांत इतिहास तो कसला, असा एक समज आढळतो. तो समज बरोबर नाहीं, हें पनवेलच्या प्राथमिक शाळांच्या उदाहरणावरून दाखवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कोणत्याहि सार्वजनिक शाळेविषयीं तीन प्रश्न उपस्थित होतात. तिजवर अधिकार कोणाचा? तिला द्रव्य कोठून मिळतें? आणि तिचें फल काय, व तें ठरवितो कोण? पनवेलचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहतां ह्या प्रश्नांचीं उत्तरें पुनःपुन्हां बदललेलीं दिसतात. एक गोष्ट मात्र बहुधा कायम राहिली. पैसा देणारा, हुकूम करणारा आणि परीक्षा घेणारा हे तिघे येथें क्वचितच एक झाले. आणि त्यामुळेंच शाळांचे कागदहि एका जागीं राहिले नाहींत.

(१)

पनवेल हें खाडीकांठचें जुनें बंदर. मुंबईहून पाण्यानें यावें, पनवेलीस उतरावें आणि बोरघाटानें देशावर चढावें, असा हा मार्ग. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाल्यावर त्याचें महत्त्व वाढलें. अशा व्यापारी ठिकाणीं मुलास मोडी वाचतां लिहितां यावें, पाढे तोंडपाठ असावे आणि रोजमेळ ठेवतां यावा, ही गरज शाळाखात्याच्या पूर्वींचीच होय. ती पंतोजींच्या शाळा भागवीत. मुंबई इलाख्यांतील शाळांची १८२९ सालीं जी मोजदाद झाली तींत १,७०५ शाळा व सुमारे ३५,००० मुलें आढळलीं. पैकीं सरकारनें चालविलेल्या शाळा अवघ्या २५ होत्या. बाकीचा सर्व भार लोकांवर होता. ह्या व्यवस्थेंत पोरांना मार पुष्कळ मिळे, मुली व अस्पृश्य वर्ग जवळजवळ बाहेरच राहत, आणि छापील पुस्तक औषधासहि नसे. तथापि पैसे देणारा बापच फलाची परीक्षा घेई. मुलास खर्डा लिहितां आला नाहीं तर तो त्यास काढून दुसऱ्या पंतोजीकडे नेई. अधिकार, कोश व फल हीं तिन्ही एकाच हातीं होतीं. म्हणूनच ह्या शाळांचें दप्तर असें कांहीं राहिलें नाहीं. ज्याला कोणास जाब द्यावयाचा नसतो तो कागद ठेवीत नाहीं.

१८४० सालीं बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें आणि १८५४ च्या प्रसिद्ध खलित्यानंतर १८५५ सालीं शिक्षणखातें अस्तित्वांत आलें. गांवानें शिक्षकाचा निम्मा पगार व शाळेची जागा द्यावी, बाकीचें सरकारनें पाहावें, असा एक प्रयोग ह्याच सुमारास झाला. पण वर्गणी सुगीच्या भरंवशावर असल्यामुळें तो टिकला नाहीं. त्याची जागा १८६३ पासून लोकल फंडानें घेतली. जमिनीच्या दर रुपया धाऱ्यास एक आणा ज्यादा घ्यावयाचा, त्याचे दोन भाग रस्त्यांना व एक भाग शाळांना, असा नियम होता. म्हणजे ४८ रुपये धारा भरणाऱ्या कुळाकडून ३ रुपये फंडास जात व त्यांतील १ रुपया शाळेस मिळे. १८६९ च्या तिसऱ्या कायद्यानें ह्या करास कायद्याचें रूप मिळालें.

येथें एक विसंगति ध्यानांत ठेविली पाहिजे. पनवेलची म्युनिसिपालिटी १८५२ सालची. १८५० च्या कायद्यान्वयें स्थापन झालेली ती आपल्या प्रांतांतील सर्वांत जुन्या म्युनिसिपालिट्यांपैकीं होय. अर्थात् शिक्षणखात्याहून ती तीन वर्षांनीं वडील. परंतु तिचें काम रस्ते, दिवाबत्ती व झाडलोट हें. शाळेचा फंड देई तो भातशेतीचा कुणबी. आणि चांगली शाळा असे ती पेठेंत, जेथील रहिवाशांवर हा कर बहुतांशीं पडत नसे. हा प्रश्न पनवेलचा एकट्याचा नव्हता. १८८२ च्या हंटर कमिशनपुढें तो आलाच. आणि शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर वरिष्ठ वर्गांचें शिक्षण चालतें, ही तक्रार त्याच वर्षीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या निवेदनांत स्पष्टपणें मांडली.

(२)

ह्यानंतरचीं दोन वर्षें पनवेलच्या दप्तराच्या दृष्टीनें फार महत्त्वाचीं आहेत. १८८३ सालीं पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांतून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यांत आला. १८८४ सालीं लोकल बोर्डांचा व म्युनिसिपालिट्यांचा असे दोन कायदे झाले. पनवेलीस तालुका लोकल बोर्ड, अलिबागेस जिल्हा लोकल बोर्ड आणि शहरापुरती म्युनिसिपालिटी, अशी रचना झाली. प्राथमिक शाळा चालविणें हें आतां म्युनिसिपालिटीचें कर्तव्य ठरलें, आणि पेठेनें आपल्या शाळेचा भार उचलावा हें तत्त्व मान्य झालें. मात्र अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तकें आणि तपासणी हीं शिक्षणखात्याच्या हातीं राहिलीं. डेप्युटी येई तो खात्याचा. मास्तरांचा पगार जाई तो बोर्डाच्या तिजोरींतून.

इंग्लंडांत १८७० च्या कायद्यानें ठिकठिकाणीं स्कूल बोर्डें निवडलीं गेलीं. शाळेसाठीं पट्टी बसविण्याचा व शाळा चालविण्याचा अधिकार त्यांचा असे. तीं बोर्डें १९०२ च्या कायद्यानें मोडलीं तेव्हां तेथेंहि पुष्कळ वाद झाला. पण जो कर देतो त्याचा प्रतिनिधि शाळा चालवितो, ही ओळख लोकांना तोंपर्यंत झालेली होती. आपल्याकडे कर आधीं आला आणि प्रतिनिधि मागाहून. लोकांच्या मनांत शाळा ही 'सरकारी' राहिली ती ह्या क्रमामुळें, असें आमचें मत आहे.

विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं म्युनिसिपालिट्यांना सक्तीचें शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असतांना झालेल्या १९२३ च्या कायद्यानें शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. सक्तीच्या योजनेच्या वाढीव खर्चापैकीं दोनतृतीयांश जिल्हा बोर्डांस व निम्मा म्युनिसिपालिट्यांस सरकारनें द्यावा, असेंहि ठरलें. हेतु उदात्त होता. पण १९३० नंतरच्या मंदींत पैसा आटला, आणि मास्तरांच्या बदल्या निवडणुकीच्या हिशेबानें होतात, अशी ओरड प्रांतभर झाली. म्हणून १९३८ सालीं खेर मंत्रिमंडळानें कायदा दुरुस्त करून बोर्डांचे कांहीं अधिकार परत घेतले व कारभारावर सरकारचा अधिकारी नेमला. तालुका लोकल बोर्डेंहि त्याच वर्षींच्या कायद्यानें बंद झालीं. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानें ही सरकारी सूत्रें पक्कीं केलीं. १ मे १९६२ पासून खेड्यांतील शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. पुढें १९८१ सालीं कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां जुन्या नगरपरिषदेच्या शाळा आणि भोंवतालच्या गांवांतील जिल्हा परिषदेच्या शाळा एकाच हद्दींत आल्या. १८८४ सालीं पेठ आणि खेडें यांमध्यें आंखलेली रेघ अशा रीतीनें १३२ वर्षांनीं पुन्हां चर्चेचा विषय झाली.

(३)

आतां फलाविषयीं. शाळा चांगली कीं वाईट हें ठरविण्याचीं मापें प्रत्येक काळीं निराळीं होतीं. पंतोजीच्या काळीं माप मोडीचें व पावकी-निमकीचें. खात्याच्या काळीं इयत्तावार परीक्षेंत उतरलेल्या मुलांच्या संख्येचें. पुढें व्हर्नाक्युलर फायनलचें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर पटनोंदणीचें व वर्गखोल्यांसारख्या सोयींचें. म्हणून एका काळच्या आंकड्यांची दुसऱ्या काळच्या आंकड्यांशीं तुलना करून शिक्षण सुधारलें किंवा बिघडलें असा निकाल देणें हें शास्त्रीय नव्हे. जें माप लावलें असेल तेंच फल दिसतें.

शाळेचें स्वतःचें दप्तर मोलाचें ठरतें तें येथें. त्याचीं मुख्य अंगें चार. दाखल-खारीज पुस्तकांत मुलाचें नांव, जात, जन्मतारीख, आल्याची व गेल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण असतें. हजेरीपटावरून नांव घातलेलें मूल खरोखर येत होतें कीं नाहीं हें कळतें. भातलावणीच्या दिवसांत कोणत्या घरचीं मुलें नाहींशीं होतात हें त्यांतच दिसावें. शेरेबुकांत तपासनीसाचा शेरा असतो. जमाखर्चाच्या वहीवरून खडू, चटई व छपराचीं कौलें यांवर काय खर्चलें हें समजतें. चारी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढूं नये.

एक उदाहरण देतों. १८५६ सालीं धारवाडास एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला व तो त्यास नाकारला गेला, हें प्रकरण विलायतेपर्यंत गेलें. १९२३ सालीं बोले यांचा ठराव कायदेकौन्सिलांत संमत झाला व सार्वजनिक शाळा अस्पृश्यांस खुल्या असल्याचें जाहीर झालें. पण ठराव होणें निराळें आणि मूल वर्गांत बसणें निराळें. त्याच कुलाबा जिल्ह्यांत १९२७ सालीं महाडच्या तळ्याचें पाणी घेण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. मूल दाखल झालें, पण टिकलें का, किती महिन्यांनीं गेलें व कोणतें कारण लिहिलें गेलें, हें कौन्सिलाच्या वृत्तांतांत सांपडणार नाहीं. तें सांपडलें तर गांवच्या शाळेच्या दोन वह्यांतच सांपडेल.

(४)

पनवेलच्या शाळांचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यानें १८८३ पूर्वींचे जिल्ह्याचे कागद ठाण्यास शोधावे, त्यानंतरचे अलिबागेस. खात्याचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारांत पाहावा. आणि १९२३ नंतरचा कागद हातीं आल्यास तो कोणत्या मंडळाचा, हें आधीं निश्चित करावें, कारण शाळा चालविण्याचा अधिकार सर्वच नगरपालिकांना नव्हता. परंतु शाळेंतल्या वह्या शाळेंतच असतात, किंवा नसतात.

ह्या 'नसण्या'विषयीं स्वतःचा एक अनुभव सांगणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेखक तरुणपणीं एका शाळेंत नोकरीस असतां एका उन्हाळ्याच्या सुटींत जुनें कपाट रिकामें करण्यांत आलें. दाखल-खारीज पुस्तकें कायद्याच्या भीतीनें राहिलीं; शेरेबुकें, हजेरीपट व खर्चाच्या वह्या रद्दींत तोलून गेल्या. त्यांतील एका पुस्तकांत मोडी शेरे होते. दोन पानें वाचून होतात न होतात तोंच तें तराजूंत पडलें. मला मोडी येत होती. तरी मी कांहीं बोललों नाहीं. ह्या गोष्टीची खंत अद्यापि गेलेली नाहीं.

२०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति शिंदे यांच्या समितीचें काम सुरू झालें, तेव्हां शाळांच्या जुन्या पुस्तकांना व मोडी वाचणाऱ्यांना एकाएकीं किंमत आली. हें ठीकच झालें. पण त्या शोधांत जातीचा एक रकाना पाहिला जातो. बाकीचे रकाने व बाकीच्या वह्या तशाच राहतात.

संग्राहकांस एवढीच विनंति आहे. पोथी संग्रहांत आणावी, शाळेचें पुस्तक मात्र शाळेंतून आणूं नये. त्यावर आज हयात असलेल्या माणसांचे हक्क अवलंबून असतात. त्याची नक्कल घ्यावी, छायाचित्रें घ्यावीं, मोडी मजकुराचें बालबोध करून एक प्रत शाळेस द्यावी. जेथें वह्या रद्दींत निघाल्या असतील तेथें मात्र संकोच न करितां त्या विकत घ्याव्या व कोठून आल्या तें पहिल्या पानावर टिपून ठेवावें. पनवेलीस जुन्या शाळा अजून आहेत आणि त्यांचीं कपाटेंहि आहेत. तीं दरसाल उन्हाळ्यांत उघडलीं जातात.