केसरबाई केरकर : गेय संहितेची राखण

‘जयपूर घराणे’ या नावावरून त्या नगरात, विद्याधर नगरासारख्या तेथील आजच्या वसाहतींत, या गायकीचे मूळ शोधू पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) जन्मले जयपूर संस्थानातील उणियारा येथे आणि त्यांची कुलविद्या ध्रुपदाची; परंतु त्यांच्या ख्यालाचा विस्तार झाला तो कोल्हापूर-मुंबईत, आणि तोही बव्हंशी मराठी-कोकणी बोलणाऱ्या गायिकांच्या कंठांतून. व्रजभाषेतील जुन्या चिजा अशा रीतीने परभाषिक मुखांत रुजल्या.

त्या गायिकांपैकी केसरबाई केरकर (१८९२–१९७७) या गोव्यातील केरी येथील, कलावंत समाजातल्या. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्लाखाँ यांच्याकडून त्यांना तुटक तालीम मिळाली होती. १९२१ पासून मात्र गुरूच्या निधनापर्यंत, पाव शतकभर, त्या अल्लादियाखाँकडेच शिकल्या. खुला आकार आणि दीर्घ दमसास ही त्यांच्या गळ्याची ख्याती होती. (पाश्चात्त्य ‘सोप्रानो’ ही संज्ञा येथे लावू नये; आपल्याकडे गायिका स्वतःचा षड्ज स्वतः निवडते.)

याच काळात भातखंडे चिजा स्वरलिपीसह छापून सर्वांसाठी खुल्या करीत होते. केसरबाईंनी नेमके उलटे केले. त्यांनी शिष्यवर्ग वाढविला नाही. त्यांची विद्या घेतली ती धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) या जवळजवळ एकट्या शिष्येने. यास कृपणता म्हणण्याची प्रथा आहे. मला ती अपुरी वाटते. जिला समाजाने प्रतिष्ठा सहजी दिली नाही, त्या स्त्रीच्या दृष्टीने कष्टार्जित चीज ही स्थावर मालमत्ताच होती. वॉल्टर स्कॉटने १८०२ मध्ये स्कॉटिश कथागीते छापली, तेव्हा ती पाठ असलेल्या मार्गारेट लेडलॉ यांनी, गाण्यासाठीच असलेली ही गीते छापून बिघडविली, अशी तक्रार केल्याचे त्यांचे पुत्र जेम्स हॉग सांगतात. दोन्ही ठिकाणी मुद्रणाला विरोध करणारी स्त्री निरक्षरतेची नव्हे, तर संहितेच्या मालकीची बाजू मांडीत आहे.

१९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, असा सन्मान पुढे आला. मैफली मात्र त्यांनी १९६४ च्या सुमारास स्वेच्छेने थांबविल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. ज्या ख्यालांसाठी पंचवीस वर्षे वेचली, ते एवढ्या वेळात मावणारे नव्हते.