एकच फाईल, दोन हात: रिमोट डेस्कटॉपवर हिशोब का बिघडतो?

आजची गोष्ट आमच्या सेनगावातून सुरू होते, साठ वर्षं मागे अमेरिकेत जाते आणि परत गावात येते. इयरफोन लावा, चला.

गेल्या खरिपात ओळखीच्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचा फोन आला. त्यांची दुकानं तीन: सेनगाव, गोरेगाव आणि पानकनेरगाव. हिशोबाचं सॉफ्टवेअर एकच, पुण्यातल्या भाड्याच्या सर्व्हरवर. तिन्हीकडून रिमोट डेस्कटॉपनं लॉगिन करायचं. म्हणजे प्रोग्रॅम चालतो पुण्यात, दुकानात दिसतं फक्त त्याचं चित्र.

तक्रार अशी: संध्याकाळच्या गर्दीत प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो, ‘फाईल करप्ट’ असा मेसेज येतो. त्याहून वाईट म्हणजे एका शेतकऱ्याची उधारी दुसऱ्याच्या नावावर छापून येते. एक काका दुकानात येऊन म्हणाले, “अहो, मी चार पोती खत नेलं, अन् तुम्ही अकरा पोत्यांचे पैसे मागताय?” सगळ्यांचा संशय गोरेगावच्या दुकानात बिलं करणाऱ्या ताईंवर. मालक मला म्हणाले, “तू एकदा बघून सांग, मग त्यांना कामावर ठेवायचं का नाही ते ठरवतो.” म्हणजे माझ्या उत्तरावर एका घराचा पगार अडकला होता.

आता थोडा इतिहास. एका कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, ही कल्पना जुनी आहे. १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या टीमनं सीटीएसएस नावाची सिस्टीम चालवून दाखवली. काही वर्षांनी तिथं एक भारी घोळ झाला. लॉगिन केल्यावर रोजची सूचना दिसायची. एके दिवशी त्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले! हॅकर वगैरे कुणी नव्हता. एक जण सूचनेची फाईल सुधारत होता, दुसरा पासवर्डची. एडिटर तात्पुरती फाईल ठरलेल्या एकाच नावानं बनवायचा, कारण तिथं एका वेळी एकच माणूस काम करणार असं गृहीत धरलं होतं. दोघांच्या फायलींची अदलाबदल झाली. कॉर्बाटोंना १९९० चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, तेव्हाच्या भाषणात त्यांनी स्वतः हा किस्सा सांगितला.

पुढं १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि ‘एक मशीन, एक माणूस’ ही सवय प्रोग्रॅमरच्या अंगात मुरली. मग उलटा प्रवास सुरू झाला. १९८९ मध्ये सुरू झालेल्या सिट्रिक्सनं १९९५ ला विनफ्रेम आणलं, म्हणजे एका विंडोज एनटीवर अनेक जण. मायक्रोसॉफ्टनं ते तंत्र परवान्यानं घेतलं आणि १९९८ मध्ये टर्मिनल सर्व्हर एडिशन काढलं. २००९ पासून त्याचं नाव रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस. विंडोजनं प्रत्येक सेशनला वेगळं टेम्प फोल्डर दिलं. पण एखाद्या प्रोग्रॅममध्ये फाईलचा पत्ता आतच पक्का लिहिला असेल, तर विंडोज तरी काय करणार?

हे डोक्यात ठेवून मी तपास सुरू केला. मालकांचा पहिला अंदाज होता, लाईट जाते म्हणून. पण दुकानातली लाईट गेली तर फक्त सेशन तुटतं. पुण्यातला प्रोग्रॅम चालूच राहतो. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ॲप्लिकेशन एररचा आयडी १००० पुन्हा पुन्हा दिसत होता. त्या वेळा बिलांशी जुळवून पाहिल्या. प्रत्येक वेळी निदान दोन दुकानांत एकाच मिनिटाला बिल छापलं जात होतं. दुपारी एकटं दुकान चालू असताना एकही क्रॅश नाही.

मग प्रोसेस मॉनिटर लावला. कोणता प्रोग्रॅम कोणती फाईल उघडतो, हे तो ओळीनं दाखवतो. तिथं सापडलं: तिन्ही सेशन सी ड्राइव्हवरच्या एकाच तात्पुरत्या फाईलमध्ये लिहीत होते. एकाचं लिहिणं अर्धवट असताना दुसरा वाचायचा. कधी प्रोग्रॅम कोसळायचा, कधी खातं दुसऱ्याच्या नावावर जायचं. एमआयटीतला तोच घोळ, साठ वर्षांनी आमच्या तालुक्यात! ताईंची काहीच चूक नव्हती.

उपाय: आधी सगळ्यांना लॉगऑफ करायला लावलं. नुसतं फुलीवर क्लिक केलं तर सेशन मागं चालूच राहतं आणि फाईल उघडी राहते. मग बिघडलेल्या डेटाची आहे तशी कॉपी ठेवली, कारण दुरुस्ती करताना आणखी बिघडू शकतं. शेवटचा चांगला बॅकअप आणला. सेटिंगमध्ये तात्पुरत्या फाईलचा पत्ता प्रत्येक युजरसाठी वेगळा केला.

राहिला मधल्या दिवसांचा हिशोब. इथं गावाची पद्धत कामाला आली. आपल्याकडं फेरफार थेट सातबाऱ्यावर चढत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये नोंद होते, हरकतीसाठी मुदत असते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, तेव्हाच ती पक्की. डेटाबेसवाले ज्याला ट्रान्झॅक्शन आणि कमिट म्हणतात, ते जवळपास हेच. आणि २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारा तपासायला राज्यभर चावडी वाचन झालं होतं: नोंदी लोकांसमोर वाचायच्या, चूक असेल त्यानं सांगायचं.

आम्हीही तेच केलं. ताईंनी पावती पुस्तकांच्या कार्बन कॉपी काढल्या, मी स्क्रीनवरचं खातं वाचलं, शेतकऱ्यांना बोलावून रक्कम दाखवली. दोन दिवस लागले. चार पोत्यांवाल्या काकांचा हिशोब चार पोत्यांवर आला. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “ताई, चुकलं माझं.”

तुमच्याही ऑफिसात असं होत असेल, तर ‘कुणी केलं?’ विचारण्याआधी ‘त्या मिनिटाला आणखी कोण काम करत होतं?’ हे विचारा. तुमचे असले किस्से आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात!