पळस, हिरडा आणि जुन्नरी कागद

चित्रकाराचा रंग आणि रंगाऱ्याचा रंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पळसाची फुले पाण्यात उकळली की पाणी केशरी होते आणि त्यात बुडवलेले कापडही केशरी होते. तेच पाणी कुंचल्याने कागदावर लावले, तर मागे राहतो फक्त एक फिका डाग. रंगाऱ्याला पाण्यात विरघळणारा, धाग्याच्या आत शिरणारा रंग हवा असतो. चित्रकाराला हवी असते न विरघळणारी पूड, जी डिंकात कालवली की कागदाच्या अंगावर बसते आणि खालचा कागद झाकते. झाडाचा रंग चित्रात आणायचा, तर विरघळलेल्या रंगाला आधी घन रूप द्यावे लागते. हे काम करते तुरटी.

तुरटीच्या पाण्यात सोड्यासारखा क्षार पडला की पांढरा, बुळबुळीत साका तयार होतो आणि पाण्यातला रंग या साक्याला चिकटून त्याच्याबरोबर तळाशी बसतो. हा साका धुऊन वाळवला की चित्रकाराची पूड तयार होते. युरोपात अशा प्रत्येक रंगाला ‘लेक’ म्हणतात. हा शब्द आपल्या लाखेचा आहे. संस्कृतातली लाक्षा फारसी, अरबी, लॅटिन असा प्रवास करत तिथे पोचली, कारण झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यापासून निघणारा लाल रंग हा या पद्धतीने बनणाऱ्या रंगांचा जुना नमुना होता. पुढे तो किडा मागे पडला आणि त्याचे नाव सगळ्या जातीला मिळाले.

या रंगांची बहुतेक सामग्री जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आपोआप उगवते, पण एका ठिकाणी नाही. लोणी हे गाव आंबेगावच्या पूर्व भागात, धामणीच्या शेजारी, अवर्षणाच्या पट्ट्यात आहे. रब्बीची ज्वारी, बांधावर बाभूळ, माळावर पळस असा हा मुलूख. पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर धो धो पाऊस घेतो आणि तिथल्या रानात हिरडा वाढतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच मंजिष्ठेचा वेलही सापडतो. पूर्वेकडून पिवळा, केशरी आणि डिंक, पश्चिमेकडून काळा आणि तांबडा, आणि मध्ये जुन्नर, जिथे कागद बनत असे.

जुन्या चित्रकारांनी मात्र झाडांवर फारसा भरवसा ठेवला नव्हता. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात रंगद्रव्ये सांगितली आहेत. त्यांत हरताळ, हिंगूळ, शेंदूर, अभ्रक अशी खनिजे भरपूर आहेत आणि लाख व नीळ त्यांच्या रांगेत येऊन बसतात. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यातही पांढऱ्यासाठी शंख, पिवळ्यासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ, गेरू आणि लाखेचा रस, तर काळ्यासाठी काजळ अशी विभागणी आहे. हळद आणि पळस प्रत्येक घरी होते, तरी या मुख्य रंगांत त्यांना जागा मिळाली नाही. याचे कारण साधे आहे. बहुतेक खनिज रंग शेकडो वर्षे उन्हाला जुमानत नाहीत. अजिंठ्याच्या भिंती आजही बोलतात, त्या माती-दगडांच्या रंगांमुळे. जुन्नरच्या शिवनेरीवरील लेण्यांच्या छतांवरही जुन्या रंगकामाचे अवशेष आहेत.

हरताळ मराठी माणसाच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत असे आणि वाळल्यावर त्याच जागी पुन्हा लिहीत असे. जुने कागद पिवळसर असल्याने ही दुरुस्ती डोळ्यांत खुपत नसे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातून आला. रंगाच्या इतिहासाचे असे पुरावे भाषेत पडून असतात आणि ते कोणत्याही वाड्यातल्या भित्तिचित्राइतकेच मोलाचे आहेत.

झाडाच्या रंगाला जागा मिळाली ती शाईत, आणि तिथे हिरडा येतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात. फळ पक्व होण्याआधीच, उन्हाळ्यात, ते झाडावरून उतरवतात आणि अंगणात पसरून वाळवतात. हिरवी बोंडे दिवसागणिक आक्रसत जातात, त्यांच्यावर सुरकुत्या पडतात आणि शेवटी काळपट, दगडासारखा कडक, वजनाला हलका बाळहिरडा हातात येतो. पावसाळ्यापूर्वी हातात चार पैसे देणारा हा माल आहे. वैद्याला तो पोटासाठी लागतो, चांभाराला कातड्यासाठी, रंगाऱ्याला कापडासाठी. तिघांचेही काम होते ते हिरड्यातल्या तुरट द्रव्यामुळे, म्हणजे टॅनिनमुळे. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ या डोंगरांवरून गेले तेव्हा हिरड्याची झाडे मोडली, आणि तेव्हाच खाली राहणाऱ्या अनेकांना कळले की घाटमाथ्यावरची कितीतरी घरे या एका फळावर वर्षाची बेगमी करतात.

टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग जन्मतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा गंधकी क्षार, घातला की तांबूस पाणी निळसर काळे होते आणि हवा लागत जाईल तसे आणखी गडद होते. तीच शाई. तोच काळा रंग कापडावरही चढतो, कारण हिरड्याच्या काढ्यातून काढलेले सुती कापड पुढचे रंग घट्ट धरून ठेवते. इंग्रजी अमदानीत हिरडा जहाजांनी विलायतेच्या चामडे कमावण्याच्या कारखान्यांत जाऊ लागला. तिथल्या बाजारात त्याच्या प्रती ठिकाणांच्या नावाने ओळखल्या जात. भिमलीपट्टणम आणि जबलपूर यांच्याबरोबर त्यांत आपले वेंगुर्लेही होते.

पण मराठी दप्तरांतली मुख्य शाई हिरड्याची नव्हती, ती काजळाची होती. दिव्याच्या ज्योतीवर धरलेले काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात तासन् तास घोटायचे आणि बोरूने लिहायचे. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो ना उडतो ना विटतो. पेशवे दप्तरातील मोडी कागद अडीचशे वर्षांनंतरही काळेभोर दिसतात ते यामुळे. हिरडा-हिराकसाची शाई कागदात मुरते आणि पुसली जात नाही हे खरे, पण तिच्यातले आम्ल वर्षानुवर्षे कागद खात राहते. आपल्या कारकुनांनी काजळ निवडले, ही निवड इतिहासाच्या अभ्यासकांवर मोठे उपकार करून गेली आहे. रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आणि त्यात अक्षराबरोबर कागद, शाई आणि बोरूचाही विचार केला. ज्या काळात लेखक आपली शाई घरीच करी, त्या काळात हा विषय अध्यात्मग्रंथात येणे अगदी स्वाभाविक होते.

ही शाई ज्यावर पडे त्या कागदांत जुन्नरी कागद नावाजलेला होता. दौलताबादी कागदाबरोबर त्याचे नाव घेतले जाई. कागद बनवणाऱ्यांना कागदी म्हणत. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा या व्यवसायाचे नाव आजही बाळगून आहे. लगदा कुटायचा, हौदात कालवायचा, साच्यावर त्याचा पातळ थर उचलायचा, तो भिंतीवर वाळवायचा, मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर शाई फुटत नाही आणि पुडीचा रंग आत न मुरता वर राहतो. म्हणजे घोटणाऱ्याचा हात थांबला की चित्रकाराचा रंगही बिघडला. कागद आणि रंग या एकाच कलेच्या दोन बाजू होत्या, आणि दोन्ही या दोन तालुक्यांच्या आवाक्यात होत्या.

झाडांच्या रंगांत निळीची गोष्ट वेगळी. नीळ मुळातच पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिला तुरटीची गरज पडत नाही. निळीची पाने पाण्यात कुजवतात, ते पिवळट हिरवे पाणी काठ्यांनी किंवा पायांनी घुसळून हवा खेळवतात, आणि हवा मिळताच निळा साका तळाला बसतो. त्याच्या वड्या पाडल्या की चित्रकाराचे काम झाले. रंगाऱ्याचे काम उलटे. त्याला ही वडी पुन्हा विरघळवावी लागते, त्यासाठी हौद आंबवावा लागतो. या कामात निराळी ही रंगाऱ्यांची जातच वाकबगार होती आणि तिचे नाव निळीवरूनच पडले. घरोघरी पांढऱ्या कपड्यांना जी नीळ देतात तिचा या झाडाशी संबंध नाही. ती कारखान्यातली अल्ट्रामरीन, नाव मात्र जुने घेऊन आलेली.

कुसुंबी रंग हा लोणीच्या बाजूचा. रब्बीच्या ज्वारीभोवती गुरे आत शिरू नयेत म्हणून काटेरी करडईच्या ओळी पेरण्याची जुनी रीत आहे. तिची फुले आधी पिवळी, मग तांबूस होतात. त्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पाण्यात धुतल्या की पिवळा निघून जातो आणि तो फेकून द्यायचा असतो. उरलेल्या पाकळ्या खाराच्या पाण्यात चुरल्या की तांबडा सुटतो, आणि त्या पाण्यात लिंबू पिळले की तो साका होऊन खाली बसतो. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतला गुलाबी-तांबडा रंग याच फुलाचा. त्या चित्रांत तो आज जागोजागी उडालेला दिसतो. कुसुंबी पागोटे उन्हात विटत असे, आणि कागदावरचा कुसुंबी रंग त्याला अपवाद नव्हता. तुलनेने मंजिष्ठा, लाख आणि आल यांचा तांबडा टिकाऊ. आल म्हणजे बारतोंडीचे मूळ. तीन-चार वर्षे वाढलेल्या झुडपाची मुळे खणून काढत आणि तुरटीच्या जोडीने त्यांच्या रंगात खारव्याचे कापड रंगवत.

हे सगळे किती झपाट्याने मागे पडले हे तारखांवरून दिसते. 1856 मध्ये विल्यम पर्किन याला डांबरातून जांभळा रंग सापडला. 1869 पर्यंत मंजिष्ठेच्या कुळातला मुख्य तांबडा रंग कारखान्यात बनवण्याची रीत पेटंट झाली. 1897 मध्ये जर्मनीची बी.ए.एस.एफ. कंपनी कृत्रिम नीळ विकू लागली. म्हणजे चाळीस वर्षांत तांबडा आणि निळा, दोन्ही शेतातून निघून गेले. पुण्यात 1878 साली चित्रशाळा निघाली आणि देवादिकांची, मराठी वीरांची चित्रे घराघरांत पोचवू लागली. पुढे रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून याच पुणे जिल्ह्यात, मळवलीला आला. ही शिळाछापाची रंगीत चित्रे कारखान्यात बनलेल्या शाईने छापलेली होती. बाजारात डबीतली पूड चार पैशांना मिळू लागली, तेव्हा फुले गोळा करून साका बसवण्याइतका वेळ कोणालाच परवडेना. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत कॅम्लिन सुरू केली ती शाईच्या पुडीने आणि टिकल्यांनी. काजळ घोटणारे घर त्यामुळे तयार शाईच्या घरात बदलले. कागदाची परंपरा मात्र पुण्यात थोडी तगली. 1940 मध्ये हातकागद संस्था उभी राहिली आणि चित्रकारांना पुन्हा हाताने केलेला कागद मिळू लागला.

पळसापासून पूड करण्याची रीत आजही घरच्या भांड्यांत पार पडते, फक्त ती भांडी नंतर स्वयंपाकाला वापरू नयेत. सुकवलेली 50 ग्रॅम फुले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी मंद आचेवर तासभर ठेवायची आणि फडक्यातून गाळायची. कोमट काढ्यात 15 ग्रॅम तुरटी विरघळवायची. मग वेगळ्या पाण्यात विरघळवलेला 5 ग्रॅम धुण्याचा सोडा चमच्या-चमच्याने घालायचा. इथे घाई करू नये आणि भांडे अर्धे रिकामे ठेवावे, कारण सोडा पडताच सगळे फसफसून वर येते. फेस बसला की पारदर्शक काढा गढूळ झालेला दिसतो, आणि तासाभरात त्या गढूळपणाचे ढग हळूहळू खाली उतरू लागतात. रात्रभरात वर निवळ पाणी आणि तळाला पिवळा-केशरी साका असे दोन थर होतात. सोडा जरा जास्त पडला तर रंग केशरीकडे झुकतो, कारण पळसाचा रंग क्षारात बदलतो. तुरटी जास्त राहिली तर तो लिंबासारखा पिवळा.

वरचे निवळ ओतून देऊन तितकेच साधे पाणी घालायचे, आणि असे तीनदा धुवायचे. हे टाळले तर उरलेले मीठ कागदावर पांढरे फुटून येते. मग साका मलमलीवर निथळवून सावलीत वाळवायचा. वाळल्यावर तो तडकतो आणि त्याचे ठिसूळ खडे होतात. खडे खलात बारीक करून वस्त्रगाळ करायचे. बाभळीचा डिंक पाण्यात एक दिवस भिजवून गाळून घ्यायचा आणि पूड त्यात काचेवर घोटायची. घोटता घोटता आधी खरखर ऐकू येते, नंतर ती थांबते, तेव्हा रंग तयार. हीच रीत मंजिष्ठेच्या मुळांना आणि हळदीलाही लागू पडते, पण हळद उन्हात काही दिवसांतच फिकी पडते.

रंग किती टिकेल हे आधी पाहायचे असेल तर कागदाची एक पट्टी रंगवून तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकायचा आणि ती दक्षिणेकडच्या खिडकीत चिकटवायची. महिन्याने पुठ्ठा काढला की दोन अर्ध्यांमधली रेष दिसते. मंजिष्ठेच्या पट्टीवर ती पुसट असते, पळसाच्या पट्टीवर ठळक. म्हणून पळसाचे चित्र भिंतीवर लावण्यापेक्षा पोथीसारखे मिटून, फडक्यात गुंडाळून ठेवणे चांगले.