दुरुस्तीच्या गोद्या आणि पाण्याकाठची जमीन

आपल्याकडे जहाजबांधणीचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. सुरतेहून मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया, मलबारचे सागवान, १८१७ साली मुंबईत बांधलेली आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका, या गोष्टी बहुतेक वाचकांना ठाऊक असतात. जहाजदुरुस्तीचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. नवे जहाज पाण्यात उतरते तेव्हा समारंभ होतो. जुने जहाज पाण्याबाहेर काढून त्याचा तळ खरवडला जातो तेव्हा कोणी नारळ फोडत नाही. प्रशासनातही तसेच आहे. नव्या प्रकल्पाची कोनशिला बसते आणि देखभालीची तरतूद अंदाजपत्रकाच्या तळाशी कोठेतरी असते. गेल्या काही वर्षांत देशभर नदीकाठ व समुद्रकाठ सुशोभित करण्याच्या योजना निघत असताना या दुर्लक्षित विषयाचा थोडा इतिहास मांडावा, असे मला वाटते.

प्रथम मुंबईचे उदाहरण घेऊ. लवजी वाडिया १७३६ च्या सुमारास मुंबईस आले आणि १७५० मध्ये येथील पहिली सुकी गोदी बांधून झाली. त्यानंतर १७६२ आणि १७६५ मध्ये तिला जोडून आणखी दोन गोद्या झाल्या. सुकी गोदी नवे जहाज बांधण्यास उपयोगी पडतेच, पण तिची नित्याची गरज दुरुस्तीसाठी असते. उष्ण कटिबंधातील समुद्रात लाकडाचा तळ फार लवकर खराब होतो. शिंपले चिकटून जहाजाचा वेग मंदावतो आणि लाकूड पोखरणारे समुद्री कीडे फळ्यांची चाळण करतात. म्हणून ठरावीक काळाने तळ पाण्याबाहेर काढणे, तो साफ करणे, फळ्यांमधील फटी पुन्हा बुजवणे आणि तळावर संरक्षक थर चढवणे अपरिहार्य असते. मुंबई बंदरात मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. भरतीला जहाज आत घ्यावे, दरवाजे लावावेत आणि ओहोटीला पाणी जाऊ द्यावे, ही निसर्गाने दिलेली सोय होती. सुरक्षित बंदर आणि दुरुस्तीची सोय एकाच ठिकाणी मिळाल्याने कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरमाराचे आणि व्यापाराचे ठाणे येथे स्थिरावले.

एकोणिसाव्या शतकातील दुसरा प्रसंग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर भराव घालून धक्के बांधणाऱ्या खाजगी कंपन्या निघाल्या. त्यांपैकी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या हाती किनाऱ्याचा इतका मोठा भाग गेला, की बंदराचे दर कोण ठरवणार असा प्रश्न उभा राहिला. अखेर सरकारने ही मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ससून गोदी १८७५ मध्ये खाजगी भांडवलावर बांधली गेली. तीही ट्रस्टने १८७९ मध्ये घेतली. हे निर्णय घेणारे सरकार समाजवादी नव्हते, मुक्त व्यापारावर श्रद्धा असलेले होते. तरीही पाण्याकाठची जमीन ही इतर जमिनीसारखी वस्तू नाही, तिचा पुरवठा वाढवता येत नाही आणि ती एकाच्या हाती गेली तर सर्व व्यापार ओलीस राहतो, हे त्याने व्यवहारातून ओळखले. पुढे १९१४ मध्ये सुमारे ३०५ मीटर लांबीची ह्यूजेस सुकी गोदी उभी राहिली, ती या सार्वजनिक संस्थेच्या पैशातून.

कोलकात्याची कथा अधिक करुण आहे, आणि अधिक बोधप्रदही. गंगेवर सरकारी आगबोटी १८३४ पासून चालू लागल्या. १८४४ मध्ये स्थापन झालेली इंडिया जनरल आणि पुढे आलेली रिव्हर्स स्टीम नॅव्हिगेशन या कंपन्यांनी आसामचा चहा आणि पूर्व बंगालचा ताग दीर्घकाळ नदीमार्गे वाहिला. इतका मोठा ताफा चालवायचा तर दुरुस्तीची ठाणी हवीतच. मेटियाब्रुजजवळची राजाबागान गोदी हे त्यांपैकी एक. पलीकडे हावड्याच्या काठावर सालकिया व नाझिरगंज येथे हुगळी डॉकिंग कंपनीच्या गोद्या होत्या.

फाळणीने या जलमार्गाचे दोन तुकडे केले आणि १९६५ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातून जाणारी वाहतूक थांबली. ज्या कंपनीचा मार्गच नाहीसा झाला ती टिकणार कशी? १९६७ मध्ये केंद्र सरकारने सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन स्थापन करून नौका, कामगार आणि राजाबागान गोदी यांचा भार उचलला. हुगळी डॉकिंगचे १९८४ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. दोन्ही उपक्रम आजारी अवस्थेत सरकारकडे आले आणि बहुतांश काळ आजारीच राहिले. त्यांच्या ताळेबंदातील तोटा खरा होता, कामगारसंख्या कामाच्या मानाने फार होती आणि यंत्रसामग्री जुनी होती. हे नाकारून गोद्यांची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु पुढे दोघांच्या बाबतीत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. राजाबागान गोदी २००६ मध्ये गार्डन रीच शिपबिल्डर्सकडे सोपवण्यात आली आणि तेथे युद्धनौकांचे काम सुरू झाले. मूळ महामंडळ विसर्जित करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. हुगळी डॉकच्या बाबतीत २०१७ मध्ये कोचीन शिपयार्डबरोबर संयुक्त कंपनी निघाली, २०१९ मध्ये ती पूर्णतः कोचीनकडे गेली आणि २०२२ मध्ये नाझिरगंज येथे नव्याने उभारलेली गोदी कार्यान्वित झाली. म्हणजे तोट्यातील संस्था बंद झाल्या, तरी गोद्यांची जमीन गोदीच्याच कामी राहिली. ह्यूजेस गोदीतील जहाजदुरुस्तीही २०१९ पासून कोचीन शिपयार्ड पाहते. या सर्व प्रकरणांतून मला एकच तत्त्व दिसते. संस्था आणि सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजारी संस्था बंद करणे हा प्रशासकीय निर्णय असतो आणि तो कधीकधी योग्यही असतो. सोय नष्ट करणे हा निर्णय मात्र पुढील शंभर वर्षांसाठी असतो.

आणखी एक योगायोग नोंदवतो. ज्या २०१६ साली नदीवाहतुकीचे सरकारी महामंडळ गुंडाळण्याचे ठरले, त्याच साली संसदेने राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम करून देशातील जलमार्गांची संख्या १११ वर नेली. जलमार्ग कायद्याने जाहीर करता येतो. नौका पाण्याबाहेर काढण्याची जागा मात्र कायद्याने निर्माण होत नाही.

आता गोद्यांविरुद्ध नेहमी केला जाणारा युक्तिवाद तपासू. तो असा की, शहराच्या मध्यावर, पाण्याकाठी, इतक्या मोलाच्या जमिनीवर गंजलेल्या होड्या ठेवणे हा संपत्तीचा अपव्यय आहे. ती जमीन विकावी किंवा विकसित करावी आणि आलेल्या पैशातून दूर कोठेतरी आधुनिक गोदी बांधावी. कागदावर हा हिशेब निर्दोष दिसतो. त्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक मूल्यमापनाची. निवासी इमारतीने मिळणारा भाव हा त्या जमिनीचा एका उपयोगातील भाव आहे. दुरुस्तीच्या गोदीचा लाभ गोदीच्या जमाखर्चात दिसत नाही. तो मच्छीमाराच्या, प्रवासी बोटीच्या, रेती व कोळसा वाहणाऱ्या बार्जच्या हिशेबात विखुरलेला असतो. दुसरी चूक स्थलांतराची. गोदीभोवती सुतार, वेल्डर, पंखा व दंड सरळ करणारे कारागीर, इंजिनचे मिस्त्री, दोर आणि रंगाची दुकाने यांचे जाळे विणले गेलेले असते. गोदी पन्नास किलोमीटर दूर नेली तरी हे जाळे सोबत जात नाही. तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे. इमारत पाडून पुन्हा गोदी बांधल्याचे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. मुंबईच्या प्रिन्सेस गोदी (१८८०) आणि व्हिक्टोरिया गोदी (१८८८) या शतकात कंटेनरच्या प्रकल्पासाठी बुजवण्यात आल्या. त्या निर्णयाची बाजू घेता येईल, कारण ती जागा निदान बंदराच्याच कामासाठी घेतली गेली. पण बुजवलेली गोदी पुन्हा मिळत नाही, हे त्या निर्णयाच्या समर्थकांनाही मान्य करावे लागेल.

या विषयाची दुसरी बाजू पैशाची नाही, जिवाची आहे. २७ जुलै २००२ रोजी केरळमध्ये मुहम्माहून कुमरकोमकडे निघालेली सरकारी प्रवासी बोट वेंबनाड सरोवरात बुडाली आणि २९ जण मृत्युमुखी पडले. बोटीची अवस्था आणि तिच्यातील गर्दी हे दोन्ही प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आले. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. ती मासेमारीची होडी बदलून बनवलेली होती. १९१७ चा अंतर्देशीय नौका कायदा असो किंवा त्याच्या जागी आलेला २०२१ चा, नौकेची तपासणी हा दोहोंचा कणा आहे. तथापि बोटीचा तळ पाण्याबाहेर आल्याशिवाय तो पाहता येत नाही. जेथे सार्वजनिक उतारघाट किंवा गोदी जवळ नाही, तेथे सर्वेक्षकाने काय करावे? बोटमालकाने दोन दिवसांचा प्रवास करून आणि आठवड्याची कमाई बुडवून दूरच्या गोदीत जावे, अशी अपेक्षा ठेवली तर प्रमाणपत्र कागदावर मिळवण्याची सोय आपोआप निर्माण होते. अशा अपघातांनंतर आपण परवाने, गर्दी आणि जीवरक्षक जाकिटे यांविषयी बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. त्या यादीत गोदीचे नाव मात्र क्वचित येते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी म्हणजेच होड्यांच्या दुरुस्तीचा हंगाम. शेकडो होड्या एकाच वेळी किनाऱ्यावर ओढल्या जातात. ही जागा वर्षातील दहा महिने रिकामी दिसते आणि म्हणूनच नियोजनकाराच्या नकाशात ती 'अविकसित' ठरते. मुंबई बंदराच्या जमिनीसाठी २०१४ मध्ये राणी जाधव समितीचा अहवाल आला आणि २०१८ च्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टरांचा नियोजन आराखडा प्रसिद्ध झाला. पूर्व किनारा नागरिकांना खुला व्हावा, ही त्यामागील इच्छा रास्त आहे. मुंबईकराला समुद्राचा हा काठ पिढ्यान्‌पिढ्या दिसलेला नाही. माझे म्हणणे इतकेच की खुला काठ आणि कामाचा काठ यांत विरोध नाही. दुरुस्ती चाललेली बोट पाहणे हा बाकावर बसून पाणी पाहण्याइतकाच आनंदाचा अनुभव असू शकतो.

मग करावे काय? किनारी क्षेत्राच्या नियमनात १९९१ पासून एक उपयुक्त तत्त्व आहे. ज्या उपक्रमांना पाण्याकाठाची प्रत्यक्ष गरज आहे त्यांना तेथे परवानगी मिळते, इतरांवर निर्बंध असतात. हे तत्त्व आज केवळ परवानगीपुरते आहे. ते आरक्षणापर्यंत न्यावे, असे मी सुचवीन. शहराच्या विकास आराखड्यात शाळा व दवाखाने यांप्रमाणे नौकादुरुस्तीची जागा स्वतंत्रपणे दाखवावी आणि तिच्या वापरबदलास साधा ठराव पुरेसा नसावा. जमिनीची मालकी सार्वजनिक ठेवावी, व्यवस्थापन हवे तर सहकारी संस्थेकडे किंवा सक्षम कंपनीकडे द्यावे. मात्र भाडेपट्ट्यात 'नौकादुरुस्तीसाठीच' हे शब्द असावेत आणि लहान नौकांसाठी दर व दिवस राखून ठेवावेत. स्थलांतर अटळच असेल तर नवी गोदी सुरू होऊन तीत पहिली होडी चढल्यानंतरच जुनी बंद करावी. हा क्रम उलटा झाला की दरम्यानच्या काळात कारागीर पांगतात. मग नव्या गोदीत यंत्रे असतात, पण ती चालवणारे हात नसतात.

१८७० च्या सुमारास ज्या सरकारने मुंबईचा किनारा खाजगी हातांतून पैसे मोजून परत घेतला, त्याला त्या वेळी ती किंमत जड वाटली असेल. पण त्यानंतरची दीडशे वर्षे हे बंदर त्या खरेदीवर उभे राहिले. आज आपण उलट दिशेने विचार करीत असू, तर निदान त्या खरेदीची कारणे काय होती, हे फाइलवर सही करण्यापूर्वी एकदा वाचले जावे.