चितळेपुष्पम

मे महिन्यात कोकणातल्या दिघीकडे जाताना कुठेतरी ताम्हण फुललेला दिसतोच. पुढे धक्क्यावर आगरदांड्याहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभं राहिलं, की पायाखाली असतो काळा कातळ. या झाडाची आणि या कातळाची जुनी गाठ आहे, ती मात्र इथून फार लांब, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलाँला सापडली.

दिघीचा कातळ ज्या दख्खनी लाव्ह्याचा, तोच लाव्हा तिथवर पसरला होता. तो एका दमात आला नाही. दोन लोंढ्यांमधल्या उसंतीत तळी साचली, काठावर झाडं वाढली, फुलली. तळ्याच्या गाळात पडलेल्या फुलाफळांत सिलिका झिरपली आणि त्यांचा गारगोटीसारखा कठीण दगड झाला. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनी हे थर क्रिटेशस कालखंडानंतरचे मानत. आज त्यांचं वय क्रिटेशसच्या अखेरीस, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं धरतात.

तिथल्या एका फळाला साहनींनी नाव दिलं एनिग्मोकार्पॉन पारिजाई. पहिला शब्द म्हणजे कोड्यात टाकणारं फळ, दुसरा ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण पारिजा यांच्या सन्मानार्थ. 1944 मध्ये नागपूरच्या व्ही. बी. शुक्ल यांनी तिथल्याच एका फुलाचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्याचं या फळाशी असलेलं नातं मांडलं आणि फुलाला साहनींचं नाव दिलं: साहनीअँथस. फूल आणि फळ एकाच झाडाचं, तरी नावं दोन; कारण दगडात ती सुटी सुटी सापडतात. आणि हे झाड कुठल्या कुळातलं? मेंदीच्या, म्हणजेच आपल्या ताम्हणाच्या.

असं फूल अख्खं कधी हाती लागत नाही. दगड कापायचा, उजेड आरपार जाईल इतका पातळ घासायचा. किंवा कापलेला पृष्ठभाग आम्लाने किंचित खाऊ द्यायचा आणि त्यावर बसवलेला पारदर्शक पापुद्रा अलगद सोलायचा. पेशी त्या पापुद्र्यावर उतरतात. पुन्हा घासायचं, पुन्हा सोलायचं. अशा चकत्या ओळीने लावून पाकळ्या, पुंकेसर, बीजांडं मोजायची, आजच्या कुळांशी ताडून पाहायची. मग वर्णन, चित्रं, संग्रहात जपलेला मूळ नमुना, आणि सगळ्यांत शेवटी नाव.

शुक्लांनीच 1950 मध्ये दुसऱ्या एका फुलाला साहनीपुष्पम म्हटलं. ग्रीक ‘अँथस’च्या जागी आपलं ‘पुष्प’ आलं. नागपूरच्या श्यामला चितळे यांनी मोहगावच्या फुलाफळांवर वर्षानुवर्षं काम केलं, पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जीवाश्म वनस्पतींचा विभाग उभा केला. 1973 मध्ये संशोधक पराडकरांनी मोहगावच्या एका नव्या फुलाचं नाव ठेवलं चितळेपुष्पम. जातीच्या नावात मोहगावही आलं.

ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, हे शाळेत शिकवतात. त्याच धड्यात साहनीअँथस आणि चितळेपुष्पम ही नावंही यायला हवीत.